निळ्या पिशवीला लाल दोरा

मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. हातातलं काम टाकून धावत सुटावं असं काही झालेलं नाही. मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतेस, आणि फोनवर आईचा विषय निघाला की तुला नेमकं त्याच वेळी कोणीतरी बोलावतं. म्हणून शेवटी कागद काढला. हे पत्र घेऊन येणारी मुलगी माझ्या वर्गातली, आम्ही तिला यादीबाई म्हणतो. आम्हा बाराजणांचे पासपोर्ट घेऊन ती व्हिसाचे शिक्के आणायला तुझ्या शहरात आली आहे. तिला चहा पाज. ती तुझ्या घरातल्या वस्तूंची यादी करू लागली तर तिकडे दुर्लक्ष कर, तिचा इलाज नाही.

मी आपल्या जुन्या टेबलाशीच बसले आहे, खिडकीच्या अंगाला. खिडकीबाहेर अजून तीच समोरच्या इमारतीची भिंत आहे, तोच गंजका पाइप आहे, आणि पाइपाच्या कोपऱ्यात उगवलेलं ते रोपटं आता चांगलं हातभर झालंय. आई समोरच्या खुर्चीवर बसून शिवलेल्या पिशव्यांचे लोंबते दोरे कापते आहे. हो, समोरच. तू आता भुवया चढवल्या असशील. अकरा वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेली बाई, उलटी अक्षरं तिला सुलट्यांहून पटकन वाचता येतात, आणि तिच्यासमोर बसून ही शहाणी खुशाल पत्र लिहितेय. लहानपणी या टेबलाशी आपण साधी चिठ्ठी लिहिली तरी ती भाजी निवडता निवडता पलीकडून वाचायची आणि वर चुका सांगायची. तुझा नोकरीचा अर्ज तिने तसाच वाचला होता. तेव्हापासून आपण दोघी डावा हात आडवा धरून लिहायला शिकलो. त्याबद्दल पुढे सांगते, आधी बातमी ऐक.

बातमी अशी की मी बाहेर जातेय. म्हणजे जाणार होते. म्हणजे नक्की काय, ते शुक्रवारपर्यंत ठरायचं आहे. आमच्या कॉलेजातून दर वर्षी डोळे तपासायला शिकणारी शेवटच्या वर्षाची बारा मुलं सहा आठवड्यांसाठी एका उष्ण देशात जातात. बाराही महिने घाम आणि दिवसाआड पाऊस, असा तो देश. नदीकाठच्या गावांतून फिरायचं, शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यात तक्ता टांगायचा, लोकांचे डोळे तपासायचे आणि इथून नेलेल्या जुन्या चष्म्यांतला ज्याला जो लागू पडेल तो द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ते चष्मे आधी गोळा करावे लागतात, साबणाच्या पाण्यात धुवावे लागतात, एकेक भिंग यंत्राखाली धरून त्याचा नंबर काढावा लागतो आणि मग नंबराप्रमाणे खोक्यांत लावावे लागतात. हे खोक्यांचं काम गेले आठ महिने माझ्याकडे आहे. अकराशे चाळीस चष्मे, ताई. एकाची काडी मालकाने चावून चावून अर्धी केलेली. एकाच्या नाकाच्या जागी अजून पावडर. कोणता चष्मा कुठल्या खोक्यात आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, आणि अडचण अशी की फक्त मलाच सांगता येईल.

लोकांना वाटतं मी सेवा करायला निघाले आहे. आमच्या तुकडीच्या प्रमुख मॅडमनी मुलाखतीत विचारलं तेव्हा मीही तसंच काहीतरी गोड बोलले. तुला खरं सांगायला हरकत नाही. मला इथून सुटायचं होतं. या दोन खोल्यांतून, या भिंतीसमोरून, शेपूट जरा कात्री दे, शेपूट जरा हे वाच, शेपूट किती वाजले बघ, यातून. तू गेल्यापासून या घरात हाक मारायला एकच माणूस उरलं आणि ओ द्यायलाही एकच. मी बाथरूममध्ये असले तरी हाक येते. मला सहा आठवडे अशा ठिकाणी राहायचं होतं जिथे मला शेपूट म्हणणारं कोणी नाही. मग तिथे मच्छरदाणीत झोपावं लागलं, अंगावर पुरळ उठलं तरी चालेल. निवड झालेल्यांची यादी लागली त्या दिवशी मी चार मजले चढताना एकदाही थांबले नाही.

भीती होती ती आईची. तुझ्या वेळचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. तू बॅग घेऊन दारात उभी, खाली गाडी आलेली, आणि आईला चक्कर. तू दोन महिने थांबलीस, नोकरी गेली, आणि सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, बाईंची तब्येत तुमच्यापेक्षा चांगली आहे. तेव्हापासून तू तिला नाटक कंपनी म्हणू लागलीस, आणि वर्षभराने कोणाला न सांगता गेलीस. त्यालाही आता चार वर्षं होतील. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. ती चक्कर खोटीच होती. मी सतरा वर्षांची होते आणि तिला पडताना पाहिलं होतं. पडायच्या आधी तिने हातातला कप टेबलावर नीट ठेवला होता. हे मी तुला आज पहिल्यांदा सांगतेय, कारण तेव्हा मलाही तू जायला नको होतीस.

म्हणून मी तयारीने आले होते. बातमी सांगायची आणि ती कप कुठे ठेवते तिकडे लक्ष द्यायचं. पण आईने कप ठेवलाच नाही. चहाचा घोट घेतला आणि विचारलं, कधी निघायचं. मग म्हणाली, तिथे डास असतील, पूर्ण बाह्यांचे कपडे लागतील. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा जास्त कामाला लागली. मला पिवळ्या तापाची लस टोचली तेव्हा दोन दिवस हात वर होत नव्हता, तर तिने माझे केस विंचरून दिले. भांग वाकडा पडला म्हणून मी तिच्यावर खेकसले. मग तिने विचारलं, एवढे चष्मे नुसते खोक्यात कोंबून नेणार का, त्यांना पिशव्या नकोत का. आणि अकराशे चाळीस पिशव्या शिवायचं काम अंगावर घेतलं. मला बरंच वाटलं. गेली दोन वर्षं तिने लोकांचे कपडे शिवणं बंदच केलं होतं. कॉलर आणि बाह्या यांचा कंटाळा आला म्हणायची, नुसत्या उशांच्या खोळी शिवायची. सरळ शिवण, चार बाजू, झालं.

एकदा निळ्या पिशव्यांचा अख्खा गठ्ठा लाल दोऱ्याने शिवलेला निघाला. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या कापडावर काळा दोरा. मी म्हटलं, हे काय केलंस. म्हणाली, मुद्दाम केलंय, उठून दिसतं. कॉलेजात तर त्या पिशव्यांवर सगळे खूश. मॅडमनी विचारलं, तुझ्या आईने हे कुठे शिकून घेतलंय का. मी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा आईने हातातल्या पिशवीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, बघ, म्हातारी अजून फॅशनमध्ये आहे. आम्ही दोघी हसलो. त्याच दिवशी मी तिला चिडवलं की मी निघताना तुला चक्कर येणार नाही ना. गमतीने म्हटलं, पण बोलून गेल्यावर जीभ चावली. तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, एकीच्या वेळी आली तेवढी पुरे झाली. चार वर्षांत तुझ्या जाण्याबद्दल ती एवढंच बोलली आहे. हे मी फोनवर दोनदा सांगायला घेतलं होतं, दोन्ही वेळा तुझ्या दारावर कोणीतरी आलं.

आता तक्त्याचं सांगते. डोळे तपासायचा सराव घरी करावा लागतो, त्यासाठी कॉलेजने प्रत्येकाला एक तक्ता दिलेला आहे. वर मोठं अक्षर, खाली येताना बारीक बारीक ओळी, तू चष्म्याच्या दुकानात पाहिला असशील. माणूस आणि तक्ता यांच्यात सहा मीटर लागतात. आपल्या घरात तेवढे कुठून आणायचे. म्हणून तक्ता पुढच्या खोलीतल्या खिडकीशेजारी आणि आई थेट बाथरूमच्या उंबऱ्यावर स्टुल टाकून, एका हाताने एक डोळा झाकून. दोन वर्षं दर रविवारी हा सोहळा. ती शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचायची. ती ओळ मला चष्मा लावूनही अडखळत वाचता येते. मी वहीत दर वेळी लिहायचे, दृष्टी उत्तम. मॅडमनी वही तपासून शेरा दिला, आईंची नजर हेवा करण्यासारखी आहे. मी तो शेरा आईला वाचून दाखवला. तिला कॉलेजात नेऊन यंत्रावर डोळे दाखवावेत असं दोनदा ठरलं होतं, पण दोन्ही वेळा तिला खोळी पोचवायच्या होत्या. मीही फार ओढलं नाही. उत्तम डोळे तपासून काय करायचं.

त्या देशातल्या गावांत पुष्कळांना आपली अक्षरं यायची नाहीत, म्हणून तिकडे नेण्यासाठी वेगळा तक्ता आला. त्यात अक्षरं नाहीत. तीन दात्यांच्या कंगव्यासारखं एक चिन्ह, कधी त्याचं तोंड वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. समोरच्याने हाताने नुसती दिशा दाखवायची. महिन्यापूर्वी तो मी घरी आणला आणि आईला स्टुलावर बसवलं. आधी म्हणाली डोकं दुखतंय. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. पहिलं मोठं चिन्ह तिने मान वाकडी करून ओळखलं. पुढे मात्र तिने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, असा हात फिरवत नेला, वाहतूक पोलिसासारखा. मला वाटलं ती माझी टिंगल करतेय. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. वहीत मी लिहिलं, आईचा मूड नव्हता. ताई, माझं शिक्षण डोळ्यांचं चाललंय आणि हे मी लिहिलं.

गेल्या मंगळवारी तिने माळ्यावरून स्वतःची सुटकेस काढायला लावली. तीच ती तपकिरी, जिचा पट्टा आपण दोरी उडवायला पळवायचो. तिने ती स्वतः पुसली, आतलं सगळं काढलं, हात फिरवून कप्पे रिकामे आहेत हे बघितलं आणि मला दिली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक चेनचा कप्पा आहे, तो तिच्या हाताला लागला नसावा. त्यात घडी घातलेला हॉस्पिटलचा कागद होता. दोन वर्षांपूर्वीचा, मी या कॉलेजात पहिलं वर्ष संपवलं त्या महिन्यातला. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, झालेलं नुकसान भरून येणारं नाही, औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारणार नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायला यावे. मला तो कागद कोणाकडून समजून घ्यावा लागला नाही, तो धडा आम्हाला परीक्षेला होता. अशा माणसाच्या नजरेच्या कडा शाबूत राहतात. तो चालतो, जिना उतरतो, पातेलं उचलतो, रोजच्या घरात कुठे धडकत नाही. पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नेमकं पुसलेलं असतं. समोरच्याचा चेहरा, अक्षर, दोऱ्याचा रंग. कागदावर एक रकाना होता, रुग्णासोबत आलेली व्यक्ती, आणि त्यापुढे लिहिलं होतं, कोणी नाही.

तरी माझा विश्वास बसेना. वहीत दोन वर्षांच्या नोंदी होत्या ना. मग रविवारी मी एक गोष्ट केली, तिची मला लाज वाटते, पण ऐक. आईला नेहमीसारखं स्टुलावर बसवलं. नेहमीच्या खिळ्यावर नेहमीचा तक्ता न टांगता तो नवा तक्ता टांगला, कंगव्यांचा. दोन्ही सारख्याच मापाचे आहेत. आणि म्हटलं, आई, आज आपला जुनाच वाच, जाण्याआधी शेवटचं. तिने डावा डोळा झाकला, ताठ बसली आणि वाचायला लागली. पहिलं अक्षर, मग दोन, मग तीन. समोर भिंतीवर एकही अक्षर नव्हतं आणि ती न अडखळता ओळीमागून ओळ वाचत खाली गेली. शेवटच्या ओळीला तर जरा थांबली, डोळे बारीक केले, कोणी खरंच बारीक अक्षर वाचताना करील तसं, आणि तीही बरोबर म्हटली. मग विचारलं, जमलं का. मी म्हटलं, उत्तम. वहीतली त्या रविवारची ओळ मी कोरी ठेवली.

छापखान्यातली बाई. पानंच्या पानं डोक्यात ठेवून खिळे लावायची, तिला अकरा ओळी पाठ करायला कितीसा वेळ लागणार. तिला दिसत होतं तेव्हाच तिने तो जवळ जाऊन पाठ केला असणार, मी कॉलेजात असताना, एकटीने, या भिंतीपाशी उभं राहून. नंतर नंतर दर रविवारी मी तिची परीक्षा घेत नव्हते, तिला उजळणी करून देत होते. आणि मग बाकीचं सगळं मला एकदम आठवायला लागलं. मोबाइलवरचं वाचून दाखव म्हणणं. तुझं ते पहिल्या वर्षी आलेलं पत्र पुन्हा पुन्हा मलाच वाचायला लावणं, माझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं म्हणून. रस्ता ओलांडताना कोणीतरी निघेपर्यंत उगाच पिशवीत काहीतरी शोधत उभं राहणं. गॅस लावल्यावर ज्योतीवर हात धरून बघणं. परवा तिने रक्तदाबाच्या गोळीऐवजी दुसऱ्याच पाकिटातली गोळी काढली होती, ती मी हातातून घेतली तर म्हणाली, अगं बघत होते. तिच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचे तीन डाग आहेत. एवढं सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी भांग वाकडा पडला म्हणून चिडत होते.

तू म्हणशील, हे नवं नाटक. म्हणूनच मी सगळं जसं घडलं तसं लिहिलं आणि हॉस्पिटलच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. नाटक आहेच, ताई, ते मी नाकारत नाही. तुझ्या वेळी ती धडधाकट असताना आजारी पडली. माझ्या वेळी आजारी असून धडधाकट राहिली. तिने तुझ्याबाबत केलेली चूक तिला पुन्हा करायची नव्हती, आणि ती दुरुस्त करायला तिच्याकडे दुसरा कुठला उपाय नव्हता. ती तुझी माफी मागणार नाही, तो तिचा स्वभाव नाही. पण माझ्यावर रोज ती तुझंच देणं फेडतेय असं मला वाटतं.

आता माझी गत ऐक. निघायला एकोणीस दिवस आहेत. शुक्रवारी मॅडम नावं पक्की करून त्या देशाला कळवणार. माझ्या जागी आता दुसरं कोणी जाऊ शकत नाही, व्हिसाच्या अर्जाची मुदत उलटून गेलीय. मी नाही म्हटलं तर अकरा जण जातील आणि नदीकाठी चौतीस खोकी उघडून बसतील. अर्जात एक प्रश्न होता, घरी तुमच्यावर कोणी अवलंबून आहे का, तिथे मी ठसठशीत अक्षरात नाही लिहिलंय. ते आता खोटं ठरलं. मॅडमना सांगितलं तर त्या स्वतःच मला थांबवतील. घरी राहिले तर आईला त्या क्षणी कळेल की मला कळलंय, आणि दोन वर्षं जे तिने जिवापाड सांभाळलं ते मातीत जाईल. शिवाय मी स्वतःला ओळखते. मी राहीन आणि मग जन्मभर तिला ऐकवीन, तोंडाने नाही तर भांडी आपटून. आणि गेले तर रोज सकाळी परक्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारताना मला इथला गॅस दिसेल, गोळ्यांची पाकिटं दिसतील, तो रस्ता दिसेल. पूर्वी दार बंद होतं तेव्हा निदान ढकलता तरी येत होतं. आता आईने ते आपल्या हाताने उघडून धरलंय आणि माझा पाय उचलत नाही. तीन दिवस मी या टेबलापासून त्या स्टुलापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालतेय. काल आई म्हणाली, अंगात आताच तिकडचा उकाडा शिरला का तुझ्या.

म्हणून हे पत्र. ताई, तू ये. तिला माफ कर असं मी म्हणत नाही, त्यात मी पडणार नाही. फक्त मी नसताना सहा आठवडे इथे राहा. तुझं काम घरून चालतं हे मला माहीत आहे, तूच एकदा फुशारकी मारली होतीस. माझ्या निघण्याच्या दोन दिवस आधी ये, सुट्टी साचली होती म्हण, घराला रंग काढलाय म्हण, काहीही म्हण. तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. ती काही वाचून दाखव म्हणाली तर वाच, कात्री मागितली तर दे, आणि तिने भांग पाडून दिला तर तसाच राहू दे. मी परत आले की मीच तिला सांगेन आणि मॅडमकडे नेईन. नजरेच्या कडेने कसं वाचायचं ते शिकवता येतं, त्यासाठी भिंगं असतात. तू येणार नसशील तर यादीबाईला तसं स्पष्ट सांग, ती मला फोन करील आणि मी शुक्रवारी माझं नाव काढून घेईन. तुला बोल लावणार नाही. आत्ताच आईने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, ताईला एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, प्रवासाचं. म्हणाली, लिही, पिशव्या झाल्या म्हणावं, आणि आम्ही मजेत आहोत. तर पिशव्या झाल्या आणि आम्ही मजेत आहोत. मग ती टेबलावर पुढे झुकली आणि पलीकडून कागदाकडे बघू लागली, पूर्वी बघायची तशीच. सवयीने माझा डावा हात आडवा आला. तो मी बाजूला घेतला आणि लिहिलेली सगळी पानं एकेक करून तिच्यापुढे उजेडात ठेवली. तुझा अर्ज, तिची चक्कर, टेबलावर नीट ठेवलेला कप, हॉस्पिटलचा कागद, सगळं तिच्यासमोर होतं. तिने मान जराशी वाकडी केली, शेवटपर्यंत सावकाश नजर फिरवली, आणि हसून म्हणाली, अक्षर सुधारलंय हो तुझं.

तुझंच,
शेपूट